शेवटच्या घराचा खर्च : युरोपचे एकीकरण, सार्वजनिक सेवा आणि प्रदेशांचा समतोल

डोंगरातल्या एखाद्या वाडीतील शेवटच्या घरी पत्र पोहोचते करण्यास टपालखात्यास जो खर्च येतो, तो त्या पत्रावरील तिकिटाच्या किमतीतून कधीच भरून निघत नाही. उलट शहरातल्या एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणाऱ्या पत्राचा खर्च तिकिटाच्या किमतीहून पुष्कळ कमी असतो. तरीही दोन्ही पत्रांस तिकीट एकच. इंग्लंडमध्ये रोलंड हिलच्या सूचनेवरून १८४० साली ही एकसारख्या दराची पद्धत सुरू झाली, आपल्याकडे ती १८५४ साली आली, आणि पुढे ती इतकी अंगवळणी पडली की तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटेनासे झाले. पण विशेष आहे. शहरातले पत्र वाडीतल्या पत्राचा खर्च गुपचूप भरीत असते. हा व्यवहार कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो, त्यावर विधिमंडळात भाषणे होत नाहीत, आणि त्यास कोणी ‘प्रदेशविकासाची योजना’ असे भारदस्त नावही देत नाही. असे असूनही देशाचा कानाकोपरा देशाशी बांधून ठेवण्याचे काम ह्या मुक्या व्यवहाराने जितके केले तितके फारच थोड्या योजनांनी केले असेल.

युरोपातील प्रत्येक राष्ट्रात असे मुके व्यवहार शेकडो होते. मुख्य लोहमार्गाच्या उत्पन्नावर शाखामार्ग चाले, शहरातील विजेच्या बिलातून खेड्याच्या तारा ओढल्या जात, बेटांकडे जाणारी बोट हिवाळ्यात रिकामी गेली तरी जाई. ही राष्ट्रे आपापल्या बाजारपेठा मोडून एक सामायिक बाजारपेठ उभारण्यास निघाली, तेव्हा ह्या व्यवहारांचे काय झाले? बाजाराला गिऱ्हाईक कळते. शेवटचे घर त्यास कळत नाही. मग शेवटच्या घराचा खर्च कोणी द्यावा? युरोपीय एकीकरणाच्या इतिहासात हा प्रश्न कसा आला आणि त्यास कोणती उत्तरे दिली गेली, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

रोम करारातील दोन वचने

२५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग ह्या सहा राष्ट्रांनी रोम येथे जो करार केला, त्यात आपल्या विषयाची दोन वचने आहेत. पहिले प्रस्तावनेत आहे : निरनिराळ्या प्रदेशांतील अंतर कमी करावयाचे आणि मागे पडलेल्यांचे मागासलेपण हटवावयाचे. हे लिहिताना कर्त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः दक्षिण इटली होती. उत्तरेस मिलान व तुरीनचे कारखाने आणि दक्षिणेस भूमिहीन शेतमजुरांची गावे, असे एकाच देशाचे जणू दोन देश झालेले होते. इटलीने १९५० साली दक्षिणेसाठी ‘कासा पेर इल मेत्झोजोर्नो’ ही खास संस्था काढलेली होतीच. रोम कराराबरोबर तिच्या कार्यास पाठिंबा देणारी पुरवणी जोडण्यात आली, आणि १९५८ साली निघालेल्या युरोपीय गुंतवणूक बँकेच्या आरंभीच्या कर्जांचा मोठा वाटा दक्षिण इटलीकडे गेला.

दुसरे वचन नव्वदाव्या कलमात आहे आणि त्याची भाषा वकिली आहे. स्पर्धेचे नियम सर्व उद्योगांस लागू असतील. मात्र ‘सर्वसाधारण आर्थिक हिताच्या सेवा’ ज्यांच्यावर सोपविलेल्या आहेत त्यांना ते नियम, सोपविलेले काम पार पाडण्यास अडथळा होणार नाही इतपतच लागू होतील, असा त्याचा भावार्थ. ह्या जडजंबाळ शब्दप्रयोगाचेही कारण आहे. प्रत्येक राष्ट्रात सार्वजनिक सेवेची कल्पना निराळी होती. फ्रान्समध्ये बोर्दोचे कायदेपंडित लेओं द्युगी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिकविले की, राज्य म्हणजे हुकूम सोडणारी सत्ता नसून सेवांची संघटना आहे. पुढे तेथे सेवेचे तीन नियम रूढ झाले : ती खंडित होता कामा नये, ती सर्वांस समान मिळावी, आणि काळाप्रमाणे ती बदलत जावी. जर्मनीत हीच कामे बहुतांशी नगरपालिकांकडे होती. सर्वांना पटेल असा एकही शब्द नसल्यामुळे कोणाचाच नसलेला शब्द निवडला गेला.

पुढील तीस वर्षे ही दोन्ही वचने बहुतेक झोपीच गेली. युरोपची भरभराट चालली होती, टपाल, रेल्वे आणि वीज ज्याच्या त्याच्या सरकारच्या हाती होती, आणि दक्षिण इटलीचा प्रश्न तेथील तरुणांनी आगगाडीत बसून, तुरीनला किंवा जर्मनीला जाऊन, आपल्यापुरता सोडविला होता. प्रश्न असा सुटला तर त्यास सुटणे म्हणावे काय, हे त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही.

एक हात बाजाराचा, एक हात मदतीचा

१९७३ साली ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क ही राष्ट्रे आत आली आणि १९७५ साली युरोपीय प्रदेशविकास निधी स्थापन झाला. आरंभी तो राष्ट्रांत ठराविक हिश्श्यांनी वाटला जाई, आणि सरकारे एरवी जो खर्च स्वतःच्या तिजोरीतून करणार होती तोच ह्या पैशातून करून मोकळी होत. आडात तेवढेच पाणी, फक्त पोहरा बदलला, असा तो प्रकार होता.

खरा पालट झाक दलोर १९८५ साली युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाले तेव्हा झाला. १९९२ च्या अखेरपर्यंत राष्ट्राराष्ट्रांतील उरलेले अडसर काढून टाकावयाचे, असा सुमारे तीनशे उपायांचा कार्यक्रम त्यांच्या आयोगाने मांडला. पण तोपर्यंत ग्रीस (१९८१), स्पेन आणि पोर्तुगाल (१९८६) हे तुलनेने गरीब देश आत आले होते. मोठी बाजारपेठ सर्वांस सारखी फळत नाही. कारखानदार गिऱ्हाइकांजवळ, कुशल कामगारांजवळ आणि चांगल्या बंदराजवळ जातो. त्याच्यामागून बँका, वकील आणि दुरुस्तीवाले जातात. आणि जेथे आधीच पुष्कळ आहे तेथे आणखी साचते. कडेच्या प्रदेशातील लहान उद्योगास जकातीची भिंत थोडाफार आडोसा देत असते. ती पडली की त्यास वारा लागतो. म्हणून १९८७ साली अंमलात आलेल्या ‘एकल युरोपीय कायद्या’त ‘आर्थिक आणि सामाजिक एकसंधता’ हे नवे प्रकरण घालण्यात आले, आणि १९८८ साली विकासनिधी पाच वर्षांत दुप्पट करण्याचे ठरले.

त्या सुधारणेची चार तत्त्वे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले, पैसा पसरून टाकावयाचा नाही, तो सर्वांत मागे असलेल्यांवर केंद्रित करावयाचा; ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो पहिल्या रांगेत. दुसरे, सुटी कामे मंजूर न करता अनेक वर्षांचा एकत्र कार्यक्रम आखावयाचा. तिसरे, राजधानीबरोबर प्रदेशातील व गावातील संस्थांसही निर्णयात भागीदार करावयाचे. आणि चौथे, हा पैसा सरकारच्या स्वतःच्या खर्चात भर म्हणून यावा, त्याची जागा घेण्यासाठी येऊ नये. आज ह्या धोरणावर संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे एक तृतीयांश भाग खर्च होतो. मात्र ते सबंध अंदाजपत्रकच सदस्यराष्ट्रांच्या उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते, हेही विसरता कामा नये.

येथवरची कथा सुबोध आहे : बाजाराने जे बिघडेल ते निधीने सावरावयाचे. परंतु बाजार सेवांच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती सरळ राहिली नाही.

लीएजचे टपाल आणि स्टेंडालची बस

बेल्जियममधील लीएज शहरात कोर्बो नावाच्या एका व्यावसायिकाने स्वतःची टपालसेवा काढली. तो पत्रे पाठविणाऱ्याच्या घरून उचली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच भागात पोहोचती करी. बेल्जियमच्या कायद्याने पत्रे वाहण्याचा हक्क फक्त सरकारी टपालास होता; म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेला. १९ मे १९९३ रोजी न्यायालयाने जो निकाल दिला त्यात पत्राच्या तिकिटातील तो मुका व्यवहार प्रथमच मोठ्याने बोलून दाखविला गेला.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारी टपालावर देशभर, प्रत्येकाच्या दारी, सारख्या दराने पत्र पोहोचविण्याचे बंधन आहे. फायद्याच्या भागातून तोट्याचा भाग भरून काढल्याखेरीज हे काम चालणार नाही. बाहेरच्यास फायद्याच्या भागात मोकळे सोडले, तर तो दुधावरची साय काढून नेईल आणि सरकारी टपालाकडे नुसते ताक उरेल. कारण त्याच्यावर डोंगरात जाण्याचे बंधन नाही, आणि म्हणून तो शहरात स्वस्त दर लावू शकतो. तेव्हा स्पर्धेस आळा घालणे येथे योग्य ठरू शकते. मात्र पत्र घरून उचलणे, ते अधिक जलद पोहोचविणे, वाटेत पत्ता बदलून देणे, अशा ज्या खास सेवा मूळ सेवेहून निराळ्या आहेत आणि ज्या खुल्या केल्याने मूळ सेवेचा जमाखर्च कोलमडत नाही, त्यांवर मक्तेदारी सांगता येणार नाही.

ह्या निकालात नव्वदाव्या कलमाला जाग आली. त्यामागील विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मक्तेदारी ही स्वतः पवित्र वस्तू नव्हे. पवित्र आहे ते शेवटच्या घराचे बंधन. मक्तेदारी त्या बंधनाचा खर्च भागविण्याचे एक साधन. साधन जितके लागेल तितकेच वापरावे.

परंतु साधन काढून घेतले तर बंधनाचा खर्च कोठून यावा? टपालाच्या बाबतीत हे पायरीपायरीने झाले. १९९७ च्या निर्देशाने आठवड्यातून किमान पाच दिवस, सर्वांस परवडेल अशा दराने पत्र पोहोचविण्याची ‘सार्वत्रिक सेवा’ प्रत्येक राष्ट्रावर बंधनकारक केली, आणि तिच्या आधारासाठी ३५० ग्रॅमपर्यंतची पत्रे राखून ठेवण्याची मुभा दिली. पुढे ती मर्यादा १०० ग्रॅम, मग ५० ग्रॅम झाली, आणि २०१० च्या अखेरीस, काही राष्ट्रांत २०१२ च्या अखेरीस, राखीव क्षेत्र साफ संपले. बंधन राहिले, त्यास पोसणारी साय गेली. यापुढे तोटा भरावयाचा तर तो उघडपणे, सरकारी तिजोरीतून किंवा सर्व व्यावसायिकांकडून वर्गणी घेऊन, भरणे प्राप्त झाले.

उघडपणे भरपाई द्यावयाची म्हटले की दुसरी अडचण उभी राहते. सरकारने एखाद्या कंपनीस पैसा देणे हे स्पर्धेच्या नियमाविरुद्ध आहे. मग ही भरपाई की लाडक्यास दिलेली खिरापत? ह्याचे उत्तर पूर्व जर्मनीतील स्टेंडाल जिल्ह्याच्या बसगाड्यांवरून झालेल्या, ‘आल्टमार्क’ नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात २४ जुलै २००३ रोजी मिळाले. न्यायालयाने चार अटी घातल्या. काय काम करावयाचे ते आधी स्पष्ट लिहून सोपविलेले असावे. भरपाई कशी मोजावयाची हेही आधीच उघड ठरलेले असावे. भरपाई खर्च आणि वाजवी नफा यांपेक्षा अधिक नसावी. आणि निविदा मागवून काम दिलेले नसेल, तर हिशेब एखाद्या नीट चालविलेल्या कंपनीच्या खर्चाने करावा. ह्या अटी पाळल्या तर ते सरकारी साहाय्य ठरत नाही. ती केलेल्या कामाची मजुरी ठरते.

ह्या चार अटी म्हणजे नुसते कायद्याचे कलाकौशल्य, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची जी सवय सर्वच सरकारांना असते, ती ह्या अटींनी मोडली. आडगावची बस हवी असेल तर ती हवी असे लिहा, तिची किंमत सांगा आणि ती द्या. लोकशाहीत ह्याहून सरळ मार्ग दुसरा नाही. पण सरळ मार्गातही धोका आहे. तिकिटात लपलेला खर्च कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. अंदाजपत्रकात लिहिलेला खर्च दर वर्षी अर्थमंत्र्याच्या डोळ्यांवर येतो, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम तेथेच लागते. आडगावास मते थोडी असतात.

करारातील शब्द आणि गावातील दवाखाना

ह्या धोक्याची जाणीव युरोपात झाली, आणि ती कराराच्या शब्दांत उतरली. १९९७ साली सही झालेल्या ॲमस्टरडॅम कराराने सांगितले की, सर्वसाधारण हिताच्या सेवा हे संघाच्या सामायिक मूल्यांत गणले जाते आणि सामाजिक व प्रादेशिक एकसंधता वाढविण्यात त्यांचा वाटा आहे. सार्वजनिक सेवा आणि प्रदेशांचा समतोल ही रोमची दोन वचने चाळीस वर्षांनी अशी एका वाक्यात एकत्र आली. २००० साली मूलभूत हक्कांच्या सनदेच्या छत्तिसाव्या कलमात तीच गोष्ट आली. फ्रान्सच्या मतदारांनी २९ मे २००५ रोजी युरोपीय राज्यघटनेचा मसुदा सुमारे ५५ टक्के मतांनी फेटाळला, तेव्हा प्रचारात सार्वजनिक सेवांच्या भवितव्याची धास्ती वारंवार बोलली गेली होती. त्यानंतरच्या, २००९ साली अंमलात आलेल्या लिस्बन कराराने ह्या सेवांवर एक स्वतंत्र पुरवणीच जोडली, ‘प्रादेशिक एकसंधता’ संघाच्या उद्दिष्टांत घातली, आणि बेटे, डोंगराळ मुलूख, ग्रामीण भाग व विरळ वस्तीचे उत्तर टोक यांचा नावानिशी उल्लेख केला. ह्या सेवांची तत्त्वे ठरविणारा युरोपीय कायदा करण्याचा अधिकारही त्या कराराने दिला. पण त्या अधिकाराखाली सर्व सेवांस लागू पडेल असा कायदा आजवर झालेला नाही.

आता शब्दांकडून गावाकडे येऊ. विकासनिधीने पुष्कळ केले. आयर्लंड, पोर्तुगाल, स्पेन आणि पुढे २००४ नंतर आलेला पोलंड येथील रस्ते, पूल, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या सोयी त्याची साक्ष देतात. पण निधीचा एक स्वभाव आहे : तो बांधतो, चालवीत नाही. दवाखान्याची इमारत त्यातून होते. डॉक्टरचा दरमहाचा पगार राष्ट्राच्या तिजोरीतून यावा लागतो. आणि तिजोरीला तुटीची मर्यादा पाळावयाची असते, तीही युरोपनेच घातलेली. आर्थिक संकटात सापडलेल्या ग्रीसने २०१० च्या कायद्याने आपल्या १,०३४ स्थानिक संस्था एकत्र करून ३२५ केल्या. खर्च वाचला असेल, पण कित्येक गावांपासून कचेरी दूर गेली. एका हाताने रस्ता द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने रस्त्याच्या शेवटी असलेली कचेरी उचलावयाची, असे होऊ लागले. रस्ता दोन्ही दिशांना जातो. गावात शाळा, डॉक्टर आणि बस नसेल, तर नवा रस्ता माणसे गावात आणण्यापेक्षा बाहेर नेण्यास अधिक सोयीचा पडतो.

स्पेनमधील तेरुएल प्रांताचे उदाहरण पाहा. युरोपीय साहाय्याने स्पेनने अतिवेगवान लोहमार्गांचे युरोपातील सर्वांत लांब जाळे विणले. पण चौरस किलोमीटरला सुमारे नऊ माणसे राहतात अशा तेरुएलचे लोक आपल्या गावाहून माद्रिदला एक थेट आगगाडीही नाही, ही तक्रार सांगत राहिले. ‘तेरुएलही अस्तित्वात आहे’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ त्यांनी १९९९ साली काढली. ३१ मार्च २०१९ रोजी ओस पडत चाललेल्या स्पेनच्या वतीने माद्रिदमध्ये मोठा मोर्चा निघाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ह्या चळवळीचा एक प्रतिनिधी संसदेत निवडून आला. आपण आहोत, एवढे सांगण्यासाठी लोकांना पक्ष काढावा लागला. बल्गेरियाची कथा ह्याहून मोठी : १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ९० लाख असलेली तेथील लोकसंख्या २०२१ च्या गणनेत सुमारे ६५ लाख भरली. ह्याची कारणे अनेक आहेत. जन्म घटले, राज्यपद्धती कोसळली. पण जो तरुण गेला त्याचे गाव आणखी महाग झाले, कारण उरलेल्या म्हाताऱ्यांसाठी शाळा आणि बस चालविण्याचा माणशी खर्च वाढला. खर्च वाढला म्हणून सेवा गेली. आणि सेवा गेली म्हणून पुढचा तरुण गेला. हे चक्र अनुदानाने आपोआप थांबत नाही.

मिनिटांनी मोजलेले मागासलेपण

ह्या चक्राकडे सरळ पाहण्याचा एक प्रयत्न, योगायोगाने, इटलीनेच केला. अर्थशास्त्रज्ञ फाब्रित्सिओ बार्का २०११ ते २०१३ पर्यंत प्रादेशिक एकसंधतेचे मंत्री असताना ‘अंतर्गत प्रदेशां’च्या योजनेची आखणी झाली. मागास प्रदेश कोणता हे ठरविताना त्यांनी दरडोई उत्पन्नाऐवजी तीन गोष्टी पाहिल्या : वरच्या वर्गांचे पूर्ण शिक्षण देणारी शाळा, तातडीच्या उपचारांची सोय असलेले रुग्णालय, आणि बऱ्यापैकी रेल्वेस्थानक. ही तिन्ही जेथे आहेत ते केंद्र. केंद्रापासून गाव किती मिनिटांवर, त्यावरून त्याचा वर्ग : वीस मिनिटांपलीकडे गाव ‘अंतर्गत’, चाळिसापलीकडे ‘कडेचे’, पंचाहत्तरापलीकडे ‘अगदी कडेचे’. ह्या मोजणीत इटलीची सुमारे तीन पंचमांश भूमी आणि जवळजवळ एक चतुर्थांश लोक अंतर्गत ठरले. मग ७२ प्रदेश निवडून योजना दोन पायांवर उभी केली. शाळा, आरोग्य आणि वाहतूक नीट चालविण्यास राष्ट्राचा पैसा. तेथील शेती, जंगल, पर्यटन यांतून रोजगार निर्माण करण्यास युरोपचा निधी. पहिल्या पायावाचून दुसरा टिकत नाही, हे त्या योजनेचे गृहीत होते. तिची अंमलबजावणी संथ झाली, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती खोटी नव्हे. पण प्रश्न तिने योग्य विचारला.

मराठी वाचकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. महाराष्ट्रात १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ च्या अहवालात जो ‘अनुशेष’ मोजला, तो रस्ते, सिंचन, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य आणि पाणीपुरवठा अशा सोयींचाच मोजला होता. उत्पन्न किती, यापेक्षा हाताशी काय आहे, हे पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, जुन्या सरकारी मक्तेदारीचे उगाच गोडवे गाऊ नयेत. हे आम्हांस मान्य आहे. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात टेलिफोनसाठी वर्षे काढावी लागत. १९९८ साली दूरध्वनीचे क्षेत्र खुले झाल्यावर दर उतरले आणि सोय वाढली, हे नाकारणे खोटेपणा होईल. शिवाय सेवा बंद होण्यास दर वेळी ब्रसेल्सच जबाबदार असते असेही नाही. ब्रिटन युरोपात येण्यापूर्वी दहा वर्षे, १९६३ साली, तेथील सरकारी रेल्वेच्याच अध्यक्षांनी, बीचिंग यांनी, सुमारे ५,००० मैल लोहमार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली होती.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. जेथे माणसेच नाहीत तेथे सेवा का ठेवावी? माणसांना मदत करा, जागेला नको; ज्याला संधी हवी त्याने शहरात यावे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक वस्ती सदासर्वकाळ टिकविणे कोणत्याही सरकारास शक्य नाही. पण जाणे आणि जावे लागणे ह्यांत फरक आहे. तरुण धडधाकट माणूस जातो. म्हातारी, आजारी आणि ज्यांच्यापाशी शहरातले भाडे भरण्याइतका पैसा नाही ती मागे राहतात, आणि सेवा त्यांच्याच हातून जाते. शिवाय मतपेटी कोठे हलत नाही. आंद्रेस रोद्रिगेझ-पोसे ह्या अर्थशास्त्रज्ञाने २०१८ साली दाखवून दिले की, ज्या प्रदेशांना आपण कोणाच्या लेखी नाही असे वाटू लागते, ते त्याचा राग मतपेटीतून काढतात. एकीकरणाला गिऱ्हाइकांचीच नव्हे, नागरिकांचीही संमती लागते.

राहण्याचे स्वातंत्र्य

इटलीचे माजी पंतप्रधान एनरिको लेत्ता यांनी एप्रिल २०२४ मध्ये सामायिक बाजारपेठेच्या भवितव्यावर जो अहवाल दिला, त्यात एक साधी पण मार्मिक कल्पना आहे. रोम कराराने माणसास कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य दिले. त्याच्या जोडीस आता राहण्याचेही स्वातंत्र्य असावे, असे ते म्हणतात. आणि ते सार्वजनिक सेवांवाचून मिळत नाही, हे त्यांनी ओळखले आहे. दक्षिण इटलीचे तरुण आगगाडीत बसले त्यानंतर सत्तर वर्षांनी युरोपास हा दुसरा अर्धा प्रश्न सुचला.

सेवा काळाप्रमाणे बदलतील. १६२४ साली सुरू झालेले डेन्मार्कचे सरकारी पत्रवाटप २०२५ च्या डिसेंबरअखेर थांबले. पत्रे फारच थोडी उरली, आणि ती खाजगी कंपनीकडे गेली. उद्या शेवटच्या घरी पत्राऐवजी तार, तारेऐवजी लहर पोहोचवावी लागेल. पण ते घर तेथेच असेल, आणि त्याचा खर्च त्याच्या बिलातून निघणार नाही. युरोपने सहा दशकांत जे शिकले ते आमच्या समजुतीप्रमाणे एवढेच : तो खर्च मक्तेदारीत लपविता येतो किंवा अंदाजपत्रकात उघड मांडता येतो, आणि उघड मांडणे अधिक प्रामाणिक आहे, पण मांडल्यावर तो दर वर्षी द्यावा लागतो. इमारत बांधून आणि फीत कापून त्यातून सुटका नाही. समतोल विकासाची परीक्षा घ्यावयाची असेल तर नव्या पुलाचे छायाचित्र पाहू नये. पुलापलीकडच्या गावात मंगळवारी सकाळी डॉक्टर येतो काय, एवढे विचारावे.